हातसुताचे विणकाम कसे करावे: नागपूरच्या घरातील टकळी, पेळू आणि सुया

खादीसाठी कातले जाते तसे एकपदरी सूत सुयांवर घेऊन विणले, तर तयार झालेला तुकडा एका बाजूला कलतो. ही गोष्ट मला कळली ती भाचीच्या बाळासाठी विणलेल्या झबल्यावरून. टकळीवर, म्हणजे हाताने फिरवायच्या छोट्या चातीवर, महिनाभर कातलेले सूत होते, टाके मोजून घातले होते, प्रत्येक सुई, म्हणजे टाक्यांची एक ओळ, संपल्यावर पुन्हा मोजले होते, आणि तरीही झबल्याची पाठ पहिल्या धुण्यानंतर पतंगासारखी तिरकी झाली. मी ती उसवून पुन्हा विणली आणि ती पुन्हा तशीच कलली. चूक मोजण्यात नव्हती, ती सुतात होती. मागावर उभे आणि आडवे धागे एकमेकांना घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे धाग्यातला पीळ जागच्या जागी राहतो. विणकामातला प्रत्येक टाका मात्र एक मोकळा फासा असतो, आणि एकाच दिशेने पीळ दिलेला धागा प्रत्येक फाशाला त्याच दिशेने थोडा थोडा वळवत नेतो.

म्हणून विणकामासाठीचे सूत काततानाच ते विणण्यासाठी आहे हे ठरवून कातावे लागते. ते खादीच्या सुतापेक्षा जाड असावे, त्याला पीळ भरपूर असावा, आणि कातून झाल्यावर त्याचे अनेक पदर उलट दिशेने एकत्र पिळलेले असावेत. या लेखात शेतातल्या कापसापासून सुमारे वीत-सव्वा वीत लांबीरुंदीच्या, तोंड पुसण्याच्या एका चौकोनी रुमालापर्यंतचा सगळा क्रम सांगितला आहे. रोज वीस मिनिटे दिली तर या कामाला साधारण पाच आठवडे लागतात. नोकरी, स्वयंपाक आणि घरची माणसे सांभाळून इतका वेळ काढता येतो, असा माझा अनुभव आहे.

कापूस निवडणे

नागपूरकरांना या बाबतीत एक मोठी सोय आहे, ती म्हणजे कापूस घराजवळ पिकतो. काटोल, सावनेर, उमरेड किंवा हिंगणघाट भागात कोणाचे ना कोणाचे शेत ओळखीचे असतेच. दसऱ्याच्या आसपास वेचणी सुरू होते. पहिल्या वेच्याच्या कापसाला परतीच्या पावसाचा ओलावा लागलेला असण्याची शक्यता असते, आणि शेवटचा, फरदडीचा कापूस आखूड व कमजोर तंतूंचा आणि पाल्याच्या चुऱ्याने भरलेला निघतो. कातण्यासाठी मधल्या वेच्याचा, कोरड्या उन्हात वेचलेला कापूस मागावा. किडीने डागाळलेली, बोटांना टणक लागणारी कवडी निवडून बाजूला काढावी, कारण ती कितीही पिंजली तरी सुतात गाठ बनूनच येते.

कापूस विकत घेण्यापूर्वी तंतूंची परीक्षा अवश्य करावी. एका सरकीवरचे तंतू दोन्ही बाजूंना विंचरल्यासारखे सरळ करावेत आणि पट्टीवर मोजावेत. आपल्याकडच्या अमेरिकन जातीच्या कापसाचा तंतू बहुधा २७ ते ३० मिलिमीटर भरतो, तर देशी कापसाचा त्याहून आखूड आणि जाडसर असतो. पहिल्या प्रयत्नासाठी लांब तंतूचाच कापूस घ्यावा. मग तंतूंचा छोटा झुबका दोन्ही हातांच्या चिमटीत धरून कानाजवळ एक झटका द्यावा. तंतू तुटल्याचा चरचर आवाज आला तर तो कापूस वातींसाठी ठेवावा.

शंभर ग्रॅम सरकीसह कापसातून सुमारे ३३ ते ३५ ग्रॅम रुई मिळते आणि एका रुमालाला तेवढी रुई पुरते. सरकी काढण्यासाठी गुळगुळीत पाटावर कापसाचा एकेक पुंजका ठेवून त्यावरून बोटाएवढी जाड लोखंडी सळई दाबून पुढे लोटावी, म्हणजे सरकी सळईच्या पुढे ढकलली जाऊन सुटते आणि रुई मागे राहते. सळई नसेल तर हातानेही सरकी सोलता येते. घरात सकाळी वाती वळणारे कोणी असेल तर त्यांच्या बोटांना हे काम आधीच ठाऊक असते. माझ्या सासूबाई शंभर ग्रॅम कापूस एका दुपारी सोलतात.

ज्यांना कापसाचा नैसर्गिक रंग हवा असेल, त्यांच्यासाठी एक माहिती येथेच देते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने ‘वैदेही-९५’ हा तपकिरी धाग्याचा वाण विकसित केला आहे. तपकिरी कापसाचे सूत सोड्याच्या पाण्यात उकळले की त्याचा रंग आणखी गडद होतो, त्यामुळे कातताना दिसणारी छटा ही शेवटची समजू नये.

पिंजणे आणि पेळू करणे

रुई गादीवाल्याकडे नेऊन यंत्रावर पिंजून आणण्याचा मोह होतो. मी एकदा तसे केले, तेव्हा आधीच्या गादीतला जुना, तुटका कापूस माझ्या रुईत मिसळून आला आणि तीन दिवसांचे कातणे वाया गेले. एका रुमालापुरती रुई हातानेच मोकळी करावी. कुंकवाच्या टिकलीएवढा पुंजका दोन्ही चिमटीत धरून हळूहळू फाकवावा, त्यातला पाल्याचा कण किंवा कच्च्या सरकीचा तुकडा काढावा, आणि फाकवलेले तंतू ढगासारखे हलके होऊन परातीत पडू द्यावेत. हे काम दूरदर्शनवरच्या बातम्या ऐकत करता येते, मात्र पंखा बंद ठेवावा लागतो.

त्यानंतर मोकळ्या रुईचा पातळ थर पाटावर तळहाताएवढा पसरावा. त्याच्या एका कडेला विणकामाची आठ नंबरची, म्हणजे ४ मिलिमीटर जाडीची सुई ठेवून थर तिच्याभोवती सैलसर गुंडाळावा, वरून तळहाताने दोनदा अलगद फिरवावा आणि सुई ओढून काढावी. हाती जी पोकळ, मऊ नळी राहते ती पेळू. पेळू घट्ट वळला तर तंतू सुटत नाहीत आणि फार सैल राहिला तर ते एकदम झुबक्याने निघतात. फुंकर मारल्यावर जो हलतो पण विस्कटत नाही, तो पेळू बरोबर जमला असे मी मानते. पेळू एका वेळी दोन-तीन दिवसांचेच करावेत आणि झाकणाच्या डब्यात आडवे ठेवावेत, कारण एकावर एक दाबले गेले की ते पुन्हा पिंजावे लागतात.

टकळीवर कातणे

पेटीचरखा हे उत्तम साधन आहे. येरवड्याच्या तुरुंगात असताना १९३० मध्ये गांधीजींनी त्याच्या रचनेवर काम केले आणि त्यावरून त्याला येरवडा चरखा हे नाव मिळाले. पण सुरुवात टकळीनेच करावी असे माझे ठाम मत आहे. टकळी थांबते तेव्हा आपण पाहतो, विचार करतो आणि पुन्हा फिरवतो. चरखा तेवढा वेळ देत नाही. शिवाय टकळी साबणाच्या डबीत मावते आणि डॉक्टरांच्या दवाखान्यात नंबर येईपर्यंत चालवता येते. खादी भांडारात चौकशी केली तर टकळी मिळते किंवा मागवून देतात. सेवाग्राम नागपूरपासून सुमारे ७५ किलोमीटरवर आहे. तेथे एकदा सकाळी जाऊन कातणाऱ्यांचे हात जवळून पाहावेत, कारण पेळू सोडण्याचा वेग शब्दांत सांगता येत नाही.

टकळीच्या दांड्याला चकतीच्या लगत वर सुमारे एक फूट तयार सूत बांधावे, ते दांड्याभोवती दोन-तीन वेढे देऊन वरच्या आकड्यात अडकवावे, आणि त्याच्या मोकळ्या टोकावर पेळूचे फाकवलेले टोक दोन बोटे चढवून डाव्या हाताच्या चिमटीत धरावे. टकळीचे खालचे टोक बशीत किंवा करवंटीत टेकवावे. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिल्या दोन बोटांनी टकळीला घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गिरकी द्यावी. पीळ सुतावरून चढत चिमटीपर्यंत येतो, तो बोटांना बारीक गुदगुल्या झाल्यासारखा जाणवतो. तो जाणवला की चिमटी किंचित सैल करून हात वर न्यावा. पेळूतून तंतू सुटतात, त्यांच्यात पीळ शिरतो आणि सूत तयार होऊ लागते.

येथे बहुतेकांचा हात चुकतो, म्हणून थोडे थांबून सांगते. कापसाचा तंतू जेमतेम एक इंचाचा असतो. पीळ पोहोचण्यापूर्वी हात त्याहून अधिक वर गेला, तर तंतूंची टोके एकमेकांना सोडतात आणि सूत तुटून टकळी बशीत आडवी पडते. पीळ चिमटीपलीकडे पेळूत शिरला, तर पेळूचे टोकच दोरीसारखे आवळते आणि पुढे काहीच निघत नाही. या दोन्हींच्या मधली जागा एखाद्या इंचाची आहे, आणि ती बोटांना सापडायला मला आठ-दहा दिवस लागले. जाड ठिकाण आले तर तोडू नये. त्याच्या दोन्ही बाजूंना धरून थोडा पीळ उलटा सोडावा आणि अलगद ताण द्यावा, म्हणजे तेवढाच भाग बारीक होतो. सूत तुटलेच तर दोन्ही टोके फाकवून एकमेकांवर चढवावीत. गाठ मारू नये, कारण विणकामात प्रत्येक गाठ नेमकी सुलट बाजूला येते.

हात खांद्याच्या वर गेला आणि साधारण दोन फूट सूत झाले की पेळू सोडणे थांबवावे, आणि टकळीला आणखी दोन गिरक्या नुसत्याच द्याव्यात. या दोन रिकाम्या गिरक्या विणकामाच्या सुताचा प्राण आहेत. पुढे पदर पिळताना उलट दिशेने पीळ दिला जातो आणि त्यात मूळ पिळाचा बराच भाग खर्ची पडतो, म्हणून आधीच जास्तीचा पीळ साठवून ठेवावा लागतो. या जाडीच्या सुताला एका इंचात बारा-तेरा पीळ असावेत. ते मोजत बसण्याची गरज नाही. वीतभर सूत सैल सोडले की त्याने लगेच स्वतःभोवती गुंडाळून शेंडीसारखी आढी घातली पाहिजे. ती आळसाने घातली तर पीळ कमी आहे. त्यानंतर सूत आकड्यातून काढून चकतीच्या वर दांड्यावर शंकूच्या आकारात गुंडाळावे आणि पुन्हा आकड्यात अडकवावे.

जाडी कशी तपासावी? सूतकताईचे जुने माप येथे फार उपयोगी पडते. चार फुटांचा एक तार, १६० तारांची एक लटी, आणि चार लट्यांची, म्हणजे ६४० तारांची, एक गुंडी. चार फूट घेराच्या अटेरणावर (सूत गुंडाळण्याच्या चौकटीवर) किंवा तेवढ्या घेराच्या खुर्चीच्या पाठीवर ११ तार मोजून गुंडाळावेत आणि छोट्या डिजिटल काट्यावर त्यांचे वजन करावे. ते एक ग्रॅमच्या आसपास भरले तर सूत साधारण आठ नंबरचे आहे आणि आपल्या रुमालासाठी ते योग्य आहे. रुमालाला चौपदरी सूत सुमारे ७० मीटर लागते. चार पदरांचे २८० मीटर, त्यात पिळताना होणारी आकुंची आणि वाया जाणारी टोके धरून सुमारे ३४० मीटर एकपदरी सूत कातावे, म्हणजे पावणेदोन लट्या. रोज वीस मिनिटांत माझे २० ते २५ तार होत असत आणि दोन आठवड्यांत काम पूर्ण झाले. नव्या हाताला यापेक्षा जास्त दिवस लागले तरी चिंतेचे कारण नाही.

नागपूरची हवा आणि कातण्याची वेळ

कापसाचा तंतू ओलाव्यात अधिक मजबूत असतो आणि कोरड्या हवेत ठिसूळ होतो. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेदजी टाटांनी पुढे हवेत ओलावा राखणारी यंत्रे बसवली, त्यामागे हेच कारण होते. येथील उन्हाळ्यात, विशेषतः नवतप्याच्या दिवसांत, पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा दुपारी कातायला बसणाऱ्याला वाटते की आपला हात बिघडला. तंतू उभे राहतात, बोटांना आणि साडीच्या पदराला चिकटतात आणि सूत जागोजागी तुटते. अशा वेळी तीच मिलची युक्ती घरात करावी. कूलर सुरू असलेल्या खोलीत बसावे, मात्र त्याच्या झोतापासून दूर, भिंतीच्या आडोशाला बसावे, आणि पेळूचा डबा तासभर आधी त्या खोलीत उघडून ठेवावा. एसीची हवा यासाठी चालत नाही, कारण ती आणखी कोरडी असते.

माझी स्वतःची वेळ पहाटेची आहे. उन्हाळ्यात साडेपाचला गच्चीवर सडा घातल्यावर हवेत जो ओलसरपणा राहतो, त्यात सूत सर्वात चांगले निघते. श्रावणात उलट अडचण येते. पेळू जड होतात आणि चिमटीत दबतात, म्हणून ते कातण्यापूर्वी पाच मिनिटे कोवळ्या उन्हात किंवा विझत आलेल्या शेगडीपासून सुरक्षित अंतरावर ठेवावेत. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतची हवा सगळ्यात सोयीची असते, आणि नवीन कापूसही त्याच दिवसांत घरी येतो. ज्यांना पहिल्यांदा शिकायचे आहे त्यांनी नोव्हेंबरात सुरुवात करावी.

पदर पिळणे

कातलेले सूत टकळीवरून उतरवून जुन्या वर्तमानपत्राच्या चार सुरळ्यांवर सारखे वाटून गुंडाळावे आणि तीन-चार दिवस तसेच राहू द्यावे, म्हणजे पीळ बसतो आणि सूत हाताळताना आढ्या घालत नाही. नंतर बुटांच्या खोक्याला आरपार भोके पाडून त्यात विणकामाच्या सुया घालाव्यात आणि त्यांवर या सुरळ्या ओवाव्यात. चारही टोके एकत्र करून टकळीला बांधावीत आणि टकळी आता घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने फिरवावी. दिशा चुकली तर पदर एकमेकांत मिसळत नाहीत, दोरी अधिकच आकसते आणि हाताला काथ्यासारखी लागते.

चारही पदरांवर ताण सारखा असणे हे या टप्प्यातले खरे कौशल्य आहे. मी चार पदर डाव्या हाताच्या चार बोटांच्या फटींतून वेगवेगळे घेते आणि तळहातात एकत्र आणते. एक पदर सैल राहिला तर तो बाकीच्या तिघांभोवती वेलासारखा चढतो आणि सुतावर मणी दिसू लागतात. पीळ किती द्यावा हे तपासण्यासाठी पिळलेले हातभर सूत मधोमध लोंबकळू द्यावे. ते कोणत्याही बाजूला न वळता इंग्रजी यू अक्षरासारखे मोकळे लटकले तर पीळ समतोल आहे. पदर पिळण्याच्या दिशेने वळले तर आणखी पिळावे, कातण्याच्या दिशेने वळले तर जास्त झाले आहे. दोन पदरांवरही काम भागते, परंतु चार पदरांचे सूत गोल आणि भरीव होते आणि टाका उठून दिसतो.

पिळून झालेले सूत अटेरणावर घेऊन त्याची लड करावी आणि ती चार ठिकाणी दुसऱ्या सुताने सैल बांधावी. हे बांधणे इंग्रजी आठच्या आकड्याप्रमाणे लडीच्या मधून न्यावे. ते विसरले तर पुढच्या टप्प्यानंतर लड सोडवण्यात एक पूर्ण संध्याकाळ जाते.

उकळणे

कच्च्या कापसावर नैसर्गिक मेणाचा थर असतो, त्यामुळे नवे सूत पाण्यात टाकले तर ते तासन्‌तास वर तरंगते. अशा सुताचा रुमाल पाणी टिपत नाही. स्टीलच्या पातेल्यात लड बुडेल एवढे पाणी घेऊन त्यात लिटरला एक चहाचा चमचा धुण्याचा सोडा आणि साबणाचा थोडा कीस घालावा आणि मंद आंचेवर तासभर उकळावे. ॲल्युमिनियमचे पातेले वापरू नये, सोड्याने ते खराब होते. पाऊण तासाने झाकण उघडून पाहावे. शुभ्र दिसणाऱ्या सुतातून निघालेले पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे झालेले असते. पहिल्यांदा ते पाहून मला वाटले होते की पातेलेच अस्वच्छ होते. दुसऱ्या पाण्यात पुन्हा उकळल्यावर तो रंग फिका होतो.

पाणी कोमट झाल्यावर लड स्वच्छ पाण्यात तीनदा खळबळावी, न पिळता दाबून पाणी काढावे, आणि दोन्ही हातांत ताणून धरून दोन-तीन झटके द्यावेत. सावलीत दांडीवर वाळत घालावी. नागपूरच्या मे महिन्यात ती दोन तासांत वाळते, पावसाळ्यात दोन दिवस घेते आणि तोपर्यंत ती पंख्याखाली हलवत ठेवावी लागते, नाहीतर कुबट वास धरतो. या उकळण्याने पीळ पक्का होतो आणि सुताची बहुतेक आकुंची येथेच होऊन जाते.

विणणे

सीताबर्डी किंवा इतवारीच्या दुकानात ‘लोकर’ मागितली की बहुधा ॲक्रिलिकची गुंडी हाती येते, आणि आपल्यापैकी बहुतेकींचा हात त्या ताणल्या जाणाऱ्या धाग्यावरच तयार झालेला असतो. सुती धागा ताणत नाही. त्यामुळे नेहमीसारखे घट्ट विणले तर बोटे दुखतात आणि सुई टाक्यात शिरत नाही. हात मुद्दाम सैल ठेवावा. अकरा नंबरच्या, म्हणजे ३ मिलिमीटरच्या सुया घ्याव्यात. आपल्याकडच्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते, हे नव्याने शिकणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. बांबूच्या सुया मिळाल्या तर अधिक चांगले, कारण धातूच्या सुईवरून सुती टाके घरंगळतात.

प्रथम २४ टाक्यांचा एक छोटा नमुना विणावा. तो मोजावा, धुवावा, वाळवावा आणि पुन्हा मोजावा. धुतल्यानंतरचे मापच खरे धरावे. माझ्या सुतात धुतलेल्या नमुन्याचे २४ टाके सुमारे १० सेंटिमीटर भरले. नमुन्याचे कोपरे येथेच पाहून घ्यावेत. चारही कोपरे काटकोनात असतील तर पदर नीट पिळले गेले आहेत. तुकडा एका बाजूला कलला असेल तर उरलेल्या सुताला आणखी थोडा उलटा पीळ देऊन ते पुन्हा ओले करावे.

रुमालासाठी ५२ टाके घालावेत. पहिली सुई सुलट विणावी आणि पुढच्या सगळ्या सुयाही सुलटच विणाव्यात, मात्र प्रत्येक सुईचा पहिला टाका न विणता उचलून घ्यावा, म्हणजे कडेला साखळीसारखी सरळ किनार तयार होते. दोन सुया झाल्या की एक आडवा उभार दिसतो. या विणीत एक सुंदर गुण आहे, तो असा की जितके टाके तितके उभार झाले की तुकडा आपोआप चौकोनी होतो. म्हणून ५२ उभार मोजावेत, पट्टी लावण्याची गरज पडत नाही. नवे सूत नेहमी कडेलाच जोडावे. शेवटी टाके बंद करताना उजव्या हातात एक नंबर जाड सुई घ्यावी, कारण सुती काम घट्ट बंद केले तर वरची कड आखडून रुमालाचा आकार बिघडतो. सुटी टोके बोथट सुईने उभारांच्या खालून दोन दिशांना ओवून टाकावीत.

संपूर्ण रुमालात पाच हजारांहून थोडे अधिक टाके असतात. हे विणणे तुकड्यातुकड्याने करण्यासारखे आहे. खापरीहून सीताबर्डीला मेट्रोने येताना मला बसायला जागा मिळाली तर माझ्या पाच-सहा सुया होतात, आणि संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत आणखी दोन. उठण्याची वेळ आली तरी सुई अर्धवट ठेवून काम ओळीच्या मधोमध सोडू नये, कारण तेथे एक टाका सैल पडतो आणि तो धुतल्यावरही दिसतो.

लोकरीविषयी आणि जपणुकीविषयी

मेंढीची लोकर कातायची असेल तर पेळू, टकळी आणि पदर पिळण्याचा क्रम हाच राहतो. तंतू लांब असल्याने दोन हातांत अधिक अंतर चालते आणि पीळ बराच कमी लागतो. सोडा मात्र लोकरीला अजिबात लावू नये. ती रिठ्याच्या कोमट पाण्यात न चोळता धुवावी, नाहीतर ती आकसून घट्ट जमते, म्हणजे तिचा नमदा होतो. आपल्या भागातील दख्खनी मेंढीची लोकर भरड असते, ती बैठकीच्या आसनाला चांगली आणि अंगाला टोचरी. कसर लोकर खाते, सुती कामाला तिचे भय नाही. सुती सुताचा शत्रू पावसाळ्यातला दमटपणा आहे. लडी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न ठेवता जुन्या धोतराच्या कापडात गुंडाळून ठेवाव्यात.

पहिल्या रुमालानंतर लगेच स्वेटर हाती घेऊ नये, असा माझा आग्रह आहे. मोठ्या माणसाच्या स्वेटरला चौपदरी सूत बाराशे मीटर लागले, तर कातायचे एकपदरी सूत सहा गुंड्यांहून जास्त होते आणि सुती स्वेटर स्वतःच्या वजनाने खाली ओढला जातो. त्याऐवजी आणखी चार रुमाल करावेत, मग झबले. भाचीच्या बाळासाठीचे झबले मी दुसऱ्यांदा केले तेव्हा सव्वा गुंडी सूत कातले, त्याचे चार पदर पिळले, दोनदा उकळले आणि मगच टाके घातले. तोपर्यंत बाळ भिंतीला धरून चालू लागले होते, म्हणून माप दोन बोटे वाढवावे लागले. धुऊन वाळल्यावर झबले पाटावर पसरले, पाठीवर काटकोनी पट्टी ठेवली, आणि पट्टीची कड वरच्या टाक्यापासून खालच्या टाक्यापर्यंत एकाच ओळीवरून गेली.